‘मलापण’ मधला ‘पण’: ऑफिसच्या मेलचं फॉरवर्डिंग

आजचा विषय छोटा आहे, पण मी त्यात चांगलाच तोंडावर आपटलोय.

ओळखीच्या एका बारा जणांच्या ऑफिसचा मेल सर्व्हर मी सांभाळायचो. पोस्टफिक्स होता. अकाउंट्सच्या ताई बाळंतपणाच्या रजेवर निघाल्या, तेव्हा सर म्हणाले, “तिचे मेल मलापण येऊ देत.” मी व्हर्च्युअल एलियसच्या फाइलमध्ये एक ओळ टाकली. डावीकडे ताईंचा पत्ता, उजवीकडे सरांचा. पोस्टमॅप कमांड चालवली (ती विसरलात तर फाइल कितीही बदला, सर्व्हर जुनंच वाचतो), टेस्ट मेल सरांना पोचला, मी खूश.

पण सरांच्या ‘मलापण’ मधला ‘पण’ मी ऐकलाच नव्हता. पोस्टफिक्ससाठी ती ओळ म्हणजे पत्ताबदल. डावीकडचा पत्ता खोडायचा, उजवीकडचा लिहायचा. मूळ पेटीत काहीच पडत नाही. दोघांनाही हवं असेल तर उजवीकडे दोन्ही पत्ते लिहायचे, मध्ये स्वल्पविराम. स्वतःचाच पत्ता उजवीकडे आला तर मेल गोल गोल फिरत बसेल, असं मला वाटायचं. तसं होत नाही, पोस्टफिक्स तिथे थांबतो.

तीन आठवड्यांनी ताईंचा फोन आला. त्यांनी हॉस्पिटलमध्ये ऑफिसचाच ईमेल दिला होता आणि सगळे रिपोर्ट सरांच्या इनबॉक्समध्ये! सरांनी उघडले नव्हते म्हणे. पण मी हे सांगितल्यावर ताई फोनवर गप्प झाल्या ना, ते अजून आठवतं.

आणि खरं सांगू? मी दोन्ही पत्ते बरोबर लिहिले असते, तरी रिपोर्ट सरांकडे गेलेच असते. चूक स्वल्पविरामाच्या आधीच झाली होती. मी ताईंना विचारलंच नव्हतं.

आता मी माणसाचा पत्ता वळवत नाही, कामाचा वळवतो. ‘अकाउंट्स’ नावाचा पत्ता बनवायचा, त्याच्या उजवीकडे त्या वेळी काम बघणाऱ्यांची नावं, आणि क्लायंटना तोच द्यायचा. रजा आली की फक्त उजवी बाजू बदलते. रेसिपियंट बीसीसी मॅप्स नावाची सोयही आहे. त्यात मूळ पेटीला धक्का न लागता कॉपी जाते, पण ज्याचा मेल त्याला पत्ताही लागत नाही. कोणी ती मागितली, तर मी आधी विचारतो, “त्या व्यक्तीला सांगितलंय का?”

शेवटचं एक. सर म्हणाले, “माझ्या जीमेलवरच पाठव,” तर जरा थांबा. फॉरवर्ड झालेल्या मेलवर पाठवणारा मूळचाच राहतो, पण मेल येतो तुमच्या सर्व्हरवरून. मग जीमेल एसपीएफ तपासतं, त्या डोमेनच्या यादीत तुमचा आयपी सापडत नाही, आणि डीकेआयएमची सहीही नसेल तर मेल स्पॅममध्ये जाऊ शकतो किंवा परतही येतो. पोस्टएसआरएसडी बसवून पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून घेता येतो. मी मात्र सरांच्या फोनवर आयमॅपने ऑफिसचं अकाउंट जोडून दिलं. पाच मिनिटांचं काम.