जुन्या आंब्याच्या छाटणीसाठी करवत कोणती घ्यावी?

चाळीस-पन्नास वर्षांच्या हापूसच्या झाडात फांद्यांची गर्दी होते, आत ऊन शिरत नाही आणि फळे फक्त शेंड्याकडे राहतात. अशा झाडाचे पुनरुज्जीवन करायचे म्हणजे मनगटाएवढ्या ते मांडीएवढ्या फांद्या कापणे आले. कोणती फांदी काढावी याची चर्चा पुष्कळ होते. ती कशाने कापावी याची होत नाही. मग सुताराची करवत नाहीतर कोयता उचलला जातो आणि फांदीबरोबर खोडाची सालही हातभर सोलून निघते. त्या जखमेत पाणी मुरून लाकूड कुजते आणि सालीच्या फटींत खोडकिड्याचा भुंगेरा अंडी घालतो.

सुताराची करवत वाळलेल्या लाकडासाठी असते. तिचे दात बारीक व जवळजवळ असतात. ओल्या लाकडाचा भुसा चिकट असल्याने तो दातांत बसतो, ओले तंतू पात्याला आवळतात आणि करवत मध्येच अडकते. म्हणून ओल्या फांदीसाठी मोठ्या, विरळ दातांची करवत घ्यावी. एका इंचात ५ ते ८ दात पुरेत. दात आळीपाळीने डावीउजवीकडे वाकवलेले असावेत, म्हणजे चीर पात्यापेक्षा रुंद पडते. लोखंड कापण्याची हॅक्सॉ यासाठी मुळीच वापरू नये.

हाताने कापायच्या फांद्यांना किंचित वाकडे पाते, तेही ओढताना कापणारे, सर्वांत सोयीचे. झाडावर बसून किंवा डोक्याच्या वर हात करून कापताना ढकलण्यापेक्षा ओढणे सोपे जाते. पाते फांदीच्या जाडीच्या निदान दुप्पट लांब असावे. १० सेंटिमीटरच्या फांदीला ३० ते ३५ सेंटिमीटरचे पाते ठीक. विकत घेताना दातांची टोके पाहावीत. ती निळसर-काळी दिसली तर दात विशेष कठीण केलेले असतात. ते पुष्कळ दिवस टिकतात, पण बोथट झाल्यावर कानस चालत नाही, पातेच बदलावे लागते. तेव्हा त्याच मापाचे पाते गावाजवळ मिळते का, हे आधी विचारावे. मिळत नसेल तर कानसीने धार लावता येणारी साधी करवत बरी.

मांडीएवढ्या फांदीला चेनसॉ वेळ वाचवते, परंतु शिडीवर उभे राहून किंवा खांद्याच्या वर धरून ती चालवू नये. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की यंत्र उसळून अंगावर येते. यंत्र दोन्ही हातांनी धरावे, डोळ्यांना चष्मा असावा. उंचावरील जाड फांदीसाठी अनुभवी माणूसच लावावा. मजुरी वाचवण्याची ही जागा नव्हे. लांब दांडीची करवत वापरताना फांदीच्या बरोबर खाली उभे राहू नये आणि जवळून विजेची तार जात असेल तर दांडी वर नेऊच नये.

करवत चांगली असली तरी जड फांदी एका घावात कापू नये. खोडापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर आधी खालून तिसरा हिस्सा जाडीपर्यंत चीर द्यावी. मग तिच्यापुढे दोन-तीन बोटांवर वरून कापावे. फांदी पडते, साल सोलत नाही. शेवटी राहिलेला खुंट कापताना फांदीच्या बुडाशी असलेली फुगीर कड शाबूत ठेवावी. जखम भरून काढणारी नवी साल तेथूनच येते. खोडालगत सपाट कापणे दिसायला नीटनेटके वाटते, पण ती कड जाते. उलट लांब खुंट ठेवला तर तो वाळून कुजतो.

कापलेल्या जागी १० टक्के बोर्डो पेस्ट लावावी: १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १० लिटर पाणी. मोरचूद प्लॅस्टिकच्या भांड्यातच विरघळवावे. रोगट झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना पाते स्पिरिटने पुसावे. काम संपल्यावर चीक डिझेलच्या फडक्याने काढून पात्याला खोबरेल तेलाचा हात द्यावा. कोकणच्या दमट हवेत तसेच ठेवलेले पाते लवकर गंजते.