खुंटाचं कूळ

एका वाचक भगिनींनी विचारलं आहे : ‘नर्सरीतून लालभडक गुलाब आणला होता. दोन वर्षं छान फुलला. यंदा त्याच झाडाला गुलाबी फुलं आली. आकाराने लहान, पण वास घरभर दरवळतो. झाडाने रंग कसा बदलला?’

रंग बदललेला नाही, झाडच बदललं आहे. नर्सरीतला गुलाब म्हणजे एका कुंडीतली दोन झाडं. मुळं असतात खुंटाची आणि वर डोळा भरलेला असतो आपल्याला हव्या त्या जातीचा. डोळ्याच्या खालून येणारी फूट वेळेवर काढली नाही, की खुंट सगळा अन्नरस आपल्याकडे ओढतो आणि वरची जात हळूहळू वाळून जाते. आता तुमच्याकडे फुलतोय तो खुंट. फुलं पांढरी, पाच पाकळ्यांची, घोसाने आली असती तर मल्टिफ्लोरा म्हटलं असतं. फिकट गुलाबी पाच पाकळ्या असत्या तर डॉग रोझ. तुमची फुलं भरलेली, गुलाबी आणि सुगंधी आहेत. म्हणजे हा बहुधा एडवर्ड असावा. भारतात खुंटासाठी आणि सुट्या फुलांसाठी पिढ्यानपिढ्या लावला गेलेला गुलाब. तो उपटायच्या आधी त्याचं कूळ ऐका.

हिंदी महासागरात मॉरिशसच्या शेजारी रियुनियन नावाचं बेट आहे. फ्रेंच त्याला पूर्वी बूरबों म्हणत. तिथले शेतकरी गुलाबाचीच कुंपणं घालत. एक ओळ चिनी ‘ओल्ड ब्लश’ची, दुसरी वर्षातून पुन्हा फुलणाऱ्या दमास्क गुलाबाची. या रोपांमध्ये पेरिशों नावाच्या रहिवाशाला एक रोप वेगळं दिसलं, दोन्ही ओळींच्या आपसूक संकरातून आलेलं. त्याने ते काढून जपलं. बेटावरच्या सरकारी बागेचे प्रमुख ब्रेओं यांनी 1819च्या सुमारास त्याचं बी पॅरिसला ड्यूक ऑफ ऑर्लिअन्सचे माळी झाक यांच्याकडे धाडलं आणि युरोपात ‘बूरबों’ गुलाबांचं घराणं उभं राहिलं. बेटावरच्या या गुलाबाला फ्रेंच एदुआर म्हणत, त्याचंच आपल्याकडे एडवर्ड झालं. ज्याने परागीकरण केलं तो कीटक. ज्याने ओळखलं तो माणूस. मला तर या माणसाच्या नजरेचंच जास्त कौतुक वाटतं.

नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे नामावळी असते. गाव आणि आडनाव सांगितलं की पणजोबांच्या हातची सही समोर येते. गुलाबांची अशी नामावळी फार उशिरापर्यंत कुणी ठेवलीच नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये हजारो जाती निघाल्या, पण बहुतेकांनी वाऱ्यावर आणि मधमाश्यांवर भिस्त ठेवून बी गोळा केलं. आई कोण ते ठाऊक असायचं, बाप अंदाजाने लिहायचा. आजच्या हायब्रीड टी गुलाबांची आद्यजात म्हणून जिचं नाव घेतात, ती 1867ची ‘ला फ्रान्स’ गियो या फ्रेंच गुलाबपैदासकारांना रोपांच्या वाफ्यात सापडली. तिचे आईबाप खुद्द त्यांनाही खात्रीने सांगता आले नाहीत.

ही पद्धत बदलली ती इंग्लंडमधल्या विल्टशरच्या एका पशुपालकाने, हेन्री बेनेट यांनी. गुरांच्या पैदाशीत दोन्ही बाजूंची नोंद ठेवतात, मग गुलाबाच्या का नको, असा त्यांचा रोख होता. उबदार काचघरात स्वतःच्या हाताने पराग लावून, दोन्ही पालक लिहून ठेवून त्यांनी 1879मध्ये दहा संकरित गुलाब बाजारात आणले आणि त्यांना ‘पेडिग्री’ गुलाब म्हटलं. गुलाबाच्या गोष्टीत सम्राज्ञी जोसेफिनच्या मालमेझोंच्या बागेला पानंच्या पानं मिळतात. बेनेट यांच्या वाट्याला मात्र जेमतेम एखादी ओळ येते. मला हे मान्य नाही. आजच्या गुलाबपैदाशीचा पाया त्या काचघरात घातला गेला.

पण एडवर्डच्या दमास्क पालकाचं काय? ही जात बेनेट यांच्याही कितीतरी आधीची. केंब्रिजच्या चार्ल्स चेंबरलेन हर्स्ट यांनी गुणसूत्रं मोजून गुलाबांचं कूळ शोधायला सुरुवात केली. 1941मध्ये त्यांनी दमास्कचे दोन वंश मांडले. वर्षातून एकदा फुलणाऱ्यांचे आईबाप वेगळे आणि पुन्हा फुलणाऱ्यांचे वेगळे. पुढे जवळपास साठ वर्षं पुस्तकांनी तेच छापलं. मग 2000 साली हिकारू इवाता आणि सहकाऱ्यांनी चार सर्वांत जुन्या दमास्क जातींचा डीएनए तपासला. त्यात एकदा फुलणाऱ्याही होत्या आणि पुन्हा फुलणाऱ्याही. त्यांनी वापरलेल्या चोवीस कसोट्यांत चौघींचा ठसा हुबेहूब सारखा निघाला! म्हणजे मूळ झाड एकच. त्याचे फाटे शतकानुशतकं एका हातातून दुसऱ्या हातात गेले, मधूनच एखाद्या फांदीत बदल झाला आणि तीच नवी जात म्हणून जपली गेली.

पालक मात्र दोन नव्हे, तीन निघाले. हरितलवकं आईकडून येतात, त्यांवरून आई ठरली ती मोस्काटा ही गुलाबाची जात. तिचा गॅलिका गुलाबाशी संकर झाला आणि त्या संकरावर पराग पडला फेडचेंकोआनाचा. ही मध्य आशियातल्या डोंगरांमधली करड्या पानांची जात. हर्स्ट यांच्या मांडणीत तिचं नावही नव्हतं. ती एका बहरावर थांबत नाही, त्यामुळे दमास्कच्या दुसऱ्या बहराचं कोडंही सुटायला लागतं. हर्स्ट यांचं उत्तर चुकलं, पण प्रश्न सोडवायचा तर पेशीच्या आत शिरून, ही वाट त्यांनीच दाखवली.

चिनी पालकाचीही नोंद आता पक्की आहे. ‘ओल्ड ब्लश’चा संपूर्ण जनुकसंच 2018मध्ये वाचून झाला. गुलाबात फुलणं रोखून धरणारं एक जनुक असतं. सतत फुलणाऱ्या चिनी गुलाबांत त्याच्या मधोमध उडत्या डीएनएचा एक तुकडा येऊन बसला आहे आणि जनुक बंद पडलं आहे. आज आपल्या कुंड्या बारा महिने फुलतात त्या या बिघाडाच्या जोरावर.

एक सावधगिरीची गोष्ट. ऑनलाइन बाजारात ‘जुन्या दुर्मीळ गुलाबांचं बी’ पाकिटातून विकतात, निळ्या फुलांच्या चित्रासकट. ते घेऊ नका. बागेतल्या गुलाबाच्या बियांतून आईसारखं झाड येत नाही. जुनी जात टिकते ती फाट्याने किंवा डोळ्याने.

आणि एडवर्ड फाट्याने सहज लागतो, खुंट म्हणून निवडला गेला तो त्यासाठीच. ऑक्टोबरच्या छाटणीत पेन्सिलीएवढ्या जाडीचे, चार-पाच डोळ्यांचे फाटे निघतील. खालचे दोन डोळे मातीत जातील असे सावलीत लावा आणि ओल राखा. लाल गुलाब हवा असेल तर नवा आणा, पण या खुंटाला वेगळी कुंडी द्या. तुमच्या आजोळी, गावच्या वाड्यात, देवळामागे असा वासाचा जुना गुलाब असेल, तर त्याचाही फाटा आणा. कुंडीला पट्टी लावून तिच्यावर गाव, साल आणि तो कुणाकडून मिळाला ते नाव लिहा.