पाच डॉलर आणि एक कानस

आमच्या टिळकवाडीतल्या घराशेजारी एक काका राहतात. उद्यमबागच्या एका वर्कशॉपात चौतीस वर्षे फिटर होते. परवा त्यांना माळा आवरायला मदत करत होतो, तेव्हा हत्यारांच्या पेटीत एक गुळगुळीत झिजलेली कानस सापडली. मी ती भंगारात टाकणार, इतक्यात काका म्हणाले, "अरे, ती राहू दे. मेस्त्रींची आहे."

मेस्त्री गोकाककडचे. घासलेला भाग काका निरखून बघू लागले की मेस्त्री ओरडायचे, "कण्णल्ल, कै!" डोळ्यांनी नव्हे, हातानं बघ. काकांचं सगळं कानडी त्यांच्याकडूनच आलेलं. दुसऱ्या कारखान्यातून दोनदा बोलावणं आलं, पण मेस्त्री होते तोवर काका हलले नाहीत.

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. कानस हातात घेतल्यावर मला आठवलं ते अमेरिकेतलं डेट्रॉइट. सुरुवातीच्या मोटारी अशाच हातांनी बनत. गाडी एका जागी उभी, कारागीर तिच्याभोवती. भाग बसला नाही तर घासून बसवायचा. मग यंत्रं इतकी नेमकी झाली की घासायचं कामच उरेना. १९०८ साली इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सला तीन कॅडिलॅक गाड्या पूर्ण सुट्या केल्या, त्यांचे भाग एकमेकांत मिसळले आणि पुन्हा जोडून पळवल्या. कानस लागलीच नाही.

त्याच वर्षी हेन्री फोर्ड यांची मॉडेल टी बाजारात आली. १९१३ साली त्यांच्या हायलंड पार्क कारखान्यात सरकता पट्टा सुरू झाला. इंजिनाला ठिणगी पुरवणारा मॅग्नेटो एक कामगार वीस मिनिटांत एकटा जोडत असे. ते काम एकोणतीस जणांत वाटलं आणि वेळ तेरा मिनिटांवर आला, पुढे पाचवर. गाडीचा सांगाडा जोडायला साडेबारा तास लागत, तिथे दीड तास पुरू लागला.

आणि माणसं पळू लागली. सुमारे चौदा हजारांचा ताफा टिकवण्यासाठी त्या एका वर्षात बावन्न हजारांहून अधिक कामगार भरती करावे लागले! दिवसभर एकच नट आवळणाऱ्याला तिथे थांबावंसं का वाटावं?

५ जानेवारी १९१४ रोजी फोर्ड यांनी दिवसाला पाच डॉलर जाहीर केले, आधीच्या दुपटीहून अधिक. कामाचे तासही नवावरून आठ झाले. नोकरीसाठी दारात इतकी झुंबड उडाली की ऐन थंडीत पोलिसांनी जमावावर पाण्याचे फवारे मारले. १९१५ पर्यंत सोडून जाण्याचं प्रमाण ३७० टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. याला औदार्य म्हणण्याची पद्धत आहे. मला तो चोख हिशेब वाटतो. पाचापैकी जवळपास निम्मी रक्कम नफ्यातला वाटा म्हणून मिळे, आणि तीही वर्तन पाहून. कंपनीचे तपासनीस घरी येऊन बघत: घर स्वच्छ आहे का, दारू किती, शिल्लक किती. परदेशातून आलेल्या कामगारांना कंपनीच्या शाळेत इंग्रजी शिकवत. आपल्यासारख्या, घरी एक आणि कामावर दुसरी भाषा बोलणाऱ्यांना त्यात नवल नाही. पण काकांचं कानडी तपासायला कुणी घरी आलं नव्हतं.

हे सगळं मी काकांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. मनात होतं, म्हणतील, पैशानं माणूस बांधता येत नाही.

काका हसले. "दुप्पट? अरे, दुप्पट दिला असता तर मी गेलो असतो की. घरात पाच खाणारी तोंडं होती." मग थोडं थांबून म्हणाले, "पण मेस्त्रींना सांगायला जीभ उचलली नसती. म्हणून न सांगताच गेलो असतो."

कानस त्यांनी जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळली आणि पेटीत सगळ्यात वर ठेवली.