हस्तधृत क्रीडा संगणक
दोन्ही हातांत धरून वापरता येणारा, दृश्यपटल, नियंत्रक दांड्या, कळा व विद्युत् घटमाला एकाच आवरणात सामावलेला आणि मेजावरील संगणकासाठी लिहिलेले खेळ चालवू शकणारा वैयक्तिक संगणक. केवळ खेळांसाठी बनविलेल्या हस्तधृत यंत्राहून तो भिन्न होय. निन्टेंडो कंपनीच्या गेम बॉय (१९८९) किंवा स्विच (२०१७) या यंत्रांवर त्या त्या यंत्रासाठी तयार केलेले खेळच चालतात. हस्तधृत क्रीडा संगणकात मात्र संस्कारक, स्मृती, साठवण व परिचालन प्रणाली ही सर्व अंगे सामान्य संगणकाचीच असतात. त्यामुळे त्याला कळफलक व मोठा दृश्यपटल जोडल्यास लेखन, हिशेब इ. कामेही करता येतात.

चीनमधील जीपीडी या कंपनीने २०१६ मध्ये जीपीडी विन हा असा छोटा संगणक बाजारात आणला. तथापि हा प्रकार सर्वतोमुखी झाला तो अमेरिकेतील वाल्व्ह कंपनीच्या स्टीम डेक या यंत्रामुळे (फेब्रुवारी २०२२). पाठोपाठ आसूस कंपनीचा आरओजी ॲलाय व लेनोव्हो कंपनीचा लीजन गो (दोन्ही २०२३) आले. पहिल्या स्टीम डेकचे वजन सु. ६७० ग्रॅ., दृश्यपटल ७ इंची, स्मृती १६ गिगाबाइट व घटमाला ४० वॉट-तासांची होती. २०२३ च्या सुधारित आवृत्तीत ती ५० वॉट-तासांची झाली.

या यंत्राच्या रचनेतील खरी अडचण गणनशक्तीची नसून ऊर्जेची व उष्णतेची आहे. मेजावरील संगणकातील केवळ चित्रसंस्कारकच कित्येकदा २०० वॉटपेक्षा अधिक शक्ती घेतो. स्टीम डेकमधील एएमडी कंपनीच्या चिपला, जीत मुख्य संस्कारक व चित्रसंस्कारक एकत्र आहेत, ४ ते १५ वॉटमध्ये भागवावे लागते. दृश्यपटल, पंखा व इतर भाग धरून यंत्र एकूण २० वॉट घेऊ लागले, तर ४० वॉट-तासांची घटमाला दोन तासांत संपते. ५ वॉट घेतले, तर आठ तास पुरते. कंपनीने ‘दोन ते आठ तास’ अशी जी मर्यादा सांगितली होती, तिचा अर्थ या साध्या भागाकारात आहे. जाहिरातीतील तासांचा आकडा कोणत्या खेळासाठी आहे, हे कळल्याखेरीज तो व्यर्थ होय.

म्हणून जाणता वापरणारा शक्तीची काटकसर करतो. दर सेकंदास ६० चौकटींऐवजी ४० चौकटींची मर्यादा घालणे, हा त्यातील उत्तम उपाय. ६० चौकटींच्या वेळी प्रत्येक चौकट सु. १६·७ मिलिसेकंद, ३० च्या वेळी सु. ३३·३ मिलिसेकंद टिकते. ४० चौकटींचे २५ मिलिसेकंद बरोबर या दोहोंच्या मध्यावर येतात. त्यामुळे हालचालीतील सफाई बरीचशी राहते आणि शक्ती मात्र वाचते. दृश्यपटलाबाबतही असेच आहे. १२८० × ८०० चित्रबिंदूंच्या पटलावर सु. १०·२ लाख, तर १९२० × १०८० च्या पटलावर सु. २०·७ लाख बिंदू दर चौकटीस रंगवावे लागतात. सात इंची पटलावर हा दुप्पट भार डोळ्यांना फारसे काही देत नाही.

उष्णता बाहेर टाकण्यास लहानसा पंखा व तांब्याची नळी एवढीच साधने असतात. सभोवतालचे तापमान ०° ते ३५° से. असताना स्टीम डेक उत्तम चालतो आणि चिपचे तापमान १००° से. पलीकडे गेल्यास तिचा वेग आपोआप कमी होतो, असे वाल्व्हने २०२२ च्या उन्हाळ्यात युरोपातील उष्णतेच्या लाटेच्या वेळी जाहीर केले. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत ही ३५° ची मर्यादा रोजच ओलांडली जाते. तेथे कूलर लावलेल्या खोलीबाहेर हे यंत्र पूर्ण शक्तीने चालविणे इष्ट नाही. लिथियम-आयन घटांचा ऱ्हासही उष्णतेने वाढतो. घटमाला फुगल्याचे दिसताच वापर थांबवावा.

परिचालन प्रणालीचे दोन पंथ आहेत. आसूस व लेनोव्हो यांच्या वरील यंत्रांवर विंडोज असते. तीत बहुतेक सर्व खेळ चालतात. पण ती कळफलक व माउस गृहीत धरून बनलेली असल्याने लहान पटलावर वापरणाऱ्यास त्रास देते आणि मध्येच झोपविलेले यंत्र पूर्ववत जागे होईलच, याची खात्री नसते. स्टीम डेकची प्रणाली लिनक्सवर आधारलेली आहे. विंडोजसाठीचे खेळ तीवर चालविण्यास प्रोटॉन (२०१८) ही आज्ञावली मध्यस्थाचे काम करते. खेळाने विंडोजकडे केलेली मागणी ती लिनक्सला समजेल अशा मागणीत बदलते. संस्कारकाची नक्कल तीत नसल्यामुळे वेगाची हानी थोडी होते. फसवणूकविरोधी आज्ञावली असलेले काही सामूहिक खेळ मात्र येथे अडतात. एपेक्स लेजेंड्स या खेळाच्या निर्मात्यांनी २०२४ मध्ये लिनक्सवरून प्रवेश बंद केला. ज्यांनी त्यासाठीच यंत्र घेतले होते, त्यांचे यंत्र शाबूत राहिले व खेळ गेला.

मालकीचा प्रश्न यातूनच उपस्थित होतो. यंत्र विकत मिळते. खेळाचा केवळ परवाना मिळतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये कायदा करून विक्रेत्यांना ही गोष्ट ग्राहकास स्पष्ट सांगणे भाग पाडले. त्याच वर्षी स्टीमच्या दुकानातही तशी सूचना झळकू लागली.

दुरुस्तीच्या दृष्टीने नियंत्रक दांड्या हा सर्वांत नाजूक भाग होय. घासून झिजणाऱ्या संवेदकामुळे कालांतराने हात न लावताही पडद्यावरील पात्र सरकू लागते. लीजन गोमध्ये चुंबकीय (हॉल परिणामावर आधारित) संवेदक असल्याने हा दोष टळतो. स्टीम डेकचे सुटे भाग २०२२ पासून काही देशांत विकत मिळू लागले. पहिल्या आवृत्तीची घटमाला मात्र गोंदाने घट्ट चिकटविलेली असल्याने ती बदलणे कष्टाचे आहे. भारतात आरओजी ॲलाय जुलै २०२३ मध्ये ६९,९९० रुपयांस अधिकृतपणे उपलब्ध झाला. परदेशातून आणविलेल्या यंत्रास येथे हमी लागू होते किंवा कसे, हे खरेदीपूर्वीच पाहणे आवश्यक असते. कारण बिघडलेले यंत्र घटमालेसह परत पाठविणे अवघड व खर्चाचे पडते.