विषाणूला 10 तास, शरीराला आठवडा: ताप येण्याआधी शरीरात काय घडते?

एप्रिल 2020. मालेगाव आणि मुंबईतील बंदोबस्त आटोपून राज्य राखीव पोलीस दलाच्या हिंगोली येथील गट क्रमांक 12 चे जवान परतले. त्यांना थेट घरी न सोडता विलगीकरणात ठेवण्यात आले. स्वॅब घेतले गेले आणि एकापाठोपाठ एक अहवाल पॉझिटिव्ह येऊ लागले. तोवर करोनाच्या नकाशावर फारसा नसलेला हिंगोली जिल्हा एकदम राज्याच्या बातम्यांत आला.

त्या वेळी अनेकांना पडलेला प्रश्न आजही प्रत्येक साथीत विचारला जातो. माणूस धडधाकट दिसतो, ताप नाही, खोकला नाही, मग त्याला वेगळे कशाला ठेवायचे? याचे उत्तर विषाणू आणि शरीर यांच्यातील शर्यतीत आहे. ही शर्यत ताप येण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते.

विषाणू वाढतो कसा?

विषाणू स्वतः खात नाही, श्वास घेत नाही आणि एकटा वाढूही शकत नाही. करोनाचा विषाणू म्हणजे सुमारे 30 हजार अक्षरांचा आरएनए हा संदेश आणि त्याभोवतीचे प्रथिने व चरबीचे वेष्टन. वेष्टनावरील काटे आपल्या पेशीवरच्या 'एसीई-2' नावाच्या प्रथिनात कुलपात किल्ली बसावी तसे बसतात आणि विषाणू आत शिरतो.

पेशीत रायबोसोम नावाची प्रथिने बनवणारी यंत्रणा अहोरात्र चालू असते. तिला गावातली पिठाची गिरणी समजा. दळण कोणाचे, हे गिरणी विचारत नाही. जे टाकले ते दळून देते. विषाणू आपला संदेश तिथे टाकतो आणि पेशी स्वतःची कामे सोडून त्याचीच प्रथिने बनवू लागते. सोबत त्या संदेशाच्या नकलाही निघतात. नकला आणि प्रथिने एकत्र जुळली की नवे विषाणू तयार होतात. करोनाच्या बाबतीत एका पेशीत हे काम साधारण 10 तासांत होते. बाहेर पडलेले विषाणू शेजारच्या पेशींत शिरतात आणि तोच प्रकार पुन्हा सुरू होतो.

नकला काढताना चुकाही होतात. बहुतेक चुका विषाणूलाच मारक ठरतात. क्वचित एखादी फायद्याची ठरते आणि नवा प्रकार जन्माला येतो. डेल्टा आणि ओमायक्रॉन असेच आले.

शरीराची पहिली फळी

संसर्ग झालेली पेशी गप्प बसत नाही. ती 'इंटरफेरॉन' नावाचे रसायन सोडते. हा शेजारच्या पेशींना दिलेला इशारा असतो. इशारा मिळताच त्या पेशी आपली प्रथिने बनवण्याची यंत्रणा मंदावतात आणि विषाणूला गिरणी बंद मिळते. 1957 मध्ये लंडनमध्ये या रसायनाचा शोध लागला.

त्याच वेळी पांढऱ्या पेशी धावून येतात आणि त्यांच्या रसायनांमुळे मेंदू शरीराचे तापमान वाढवतो. अंग मोडून येणे, ताप, थकवा ही बरीचशी शरीराच्या लढाईची लक्षणे आहेत. करोनात ती संसर्गानंतर सरासरी पाच दिवसांनी, कधी 14 दिवसांपर्यंत दिसतात. माणूस मात्र लक्षणांच्या साधारण दोन दिवस आधीपासूनच इतरांना संसर्ग देऊ शकतो. 14 दिवसांच्या विलगीकरणामागचे गणित हेच होते.

दुसरी फळी उशिरा का येते?

पहिली फळी कोणत्याही शत्रूवर तुटून पडते. नेमका वार करणारी फळी वेगळी असते. तिची जमवाजमव लसिका ग्रंथींत होते. पायाला जखम चिघळली की जांघेत 'अवधान' येते, ती हीच सुजलेली ग्रंथी.

तिथे असंख्य टी आणि बी पेशी असतात आणि प्रत्येक पेशी वेगळा आकार ओळखते. या विषाणूचा आकार ओळखणारी मोजकी पेशी सापडली की तिची संख्या झपाट्याने वाढवली जाते. बी पेशी प्रतिपिंडे बनवतात. ती विषाणूच्या काट्यांना चिकटतात आणि त्याला पेशीत शिरू देत नाहीत. टी पेशी संसर्ग झालेल्या पेशीच नष्ट करतात. या तयारीला आठवडाभर किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. तिकडे विषाणूच्या दिवसाला दोन-दोन पिढ्या होत असतात.

कधी हीच लढाई हाताबाहेर जाते आणि सूज फुप्फुसांना इजा करते. म्हणूनच ऑक्सिजनची गरज पडलेल्या करोना रुग्णांना प्रतिकारशक्तीला आवर घालणारे डेक्सामेथासोन उपयोगी पडले.

लस नेमके काय करते?

लढाई संपल्यावर काही टी आणि बी पेशी 'आठवण' म्हणून शिल्लक राहतात. तोच शत्रू पुन्हा आला की आठवड्याचे काम त्या काही दिवसांत करतात. लस ही आठवण आजार न होता तयार करून देते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने वेगळा केलेला विषाणू निष्क्रिय करून कोव्हॅक्सिन बनली. कोविशील्डमध्ये फक्त काट्याची माहिती दुसऱ्या निरुपद्रवी विषाणूतून पाठवली जाते. देशात 16 जानेवारी 2021 पासून या लसी देण्यास सुरुवात झाली.

शेतकऱ्यांनी याचे आणखी एक उदाहरण गोठ्यात पाहिले आहे. 2022 मध्ये लम्पीच्या साथीत जनावरांना शेळ्यांच्या देवीची लस देण्यात आली. दोन्ही विषाणू जवळचे नातेवाईक आहेत. एकाची ओळख झाली की दुसऱ्यालाही शरीर ओळखते.

रेबीजमध्ये तर चावा घेतल्यानंतरही लस जीव वाचवते. हा विषाणू मज्जातंतूंतून हळूहळू मेंदूकडे जातो. त्याला बहुधा काही आठवडे ते महिने लागतात. तेवढ्या वेळात लस प्रतिपिंडे तयार करून घेते. लक्षणे दिसू लागली की मात्र मृत्यू जवळपास अटळ असतो.

घरी काय लक्षात ठेवावे?

• अँटिबायोटिक जिवाणूंच्या भिंतीवर किंवा त्यांच्या स्वतःच्या यंत्रणेवर वार करते. विषाणूकडे यातले काहीच नसते. सर्दी किंवा साध्या विषाणूजन्य तापात डॉक्टरांकडे त्या गोळ्यांचा आग्रह धरू नये.

• ताप असताना विश्रांती घ्यावी, भरपूर पाणी प्यावे आणि घरातील वृद्ध व तान्ह्या बाळांपासून दूर राहावे. धाप लागणे, गुंगी येणे, लघवी कमी होणे अशी लक्षणे दिसली तर लगेच रुग्णालय गाठावे.

• डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस जास्त जोखमीचे असतात. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, रक्तस्राव यांकडे दुर्लक्ष करू नये.

• कुत्रा चावल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची लावू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावे. जखमेतून रक्त आले असल्यास, जखम लहान असली तरी, लसीसोबत वेगळे इंजेक्शनही लागते. बरे वाटले म्हणून पुढचे डोस चुकवू नयेत. डोस अर्धवट राहिले तर संरक्षणही अपुरे राहू शकते.