सीनचा राजा जूफ, मग घराणं कुठलं?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक एक्सेल शीट केली होती. रकाने तीनच: राजा, पदवी, घराणं. सेनेगालच्या सेरेर आणि वोलोफ राज्यांचे राजे भरत गेले आणि 'घराणं'मध्ये बिनधास्त आडनावं टाकली. गाइडनी पाहिलं आणि एवढंच विचारलं, "यांच्या आया कोण?" झालं, सगळी शीट परत!

सीन आणि सालुम या सेरेर राज्यांचंच बघा. आडनाव बापाकडून येतं, गादीवरचा हक्क मात्र आईकडून. आई गेलवार या मातृवंशातली हवी. म्हणजे राजाचा मुलगा नुसता राजाचा मुलगा म्हणून राजा होत नाही. भाऊ किंवा बहिणीचा मुलगा पुढे येतो. 1871 मध्ये जोआलला मारला गेलेला सीनचा राजा कुंबा न्दोफेन फामाक जूफ आडनावाने जूफ होता, वंशाने गेलवार. तुम्ही 'जूफ घराणं' लिहिलंत तर वारसाहक्काच्या भांडणाचा पत्ताच लागणार नाही.

वोलोफांकडे दोन्ही बाजू बघायच्या. वालोचा राजा म्हणजे ब्राक. बापाकडून तो म्बोज असायचाच, खरी चुरस लोग्गार, तेज्येक आणि जोस या तीन मातृवंशांत. कायोरचा राजा दामेल, तो बापाकडून फाल असावा अशी रीत. लात जोर मात्र बापाकडून जोप! आईच्या गेज वंशाच्या जोरावर तो गादीवर आला. त्याचं पूर्ण नाव लात जोर न्गोने लातिर जोप, आणि त्यातलं न्गोने लातिर हे आईचं नाव. उत्तर नावातच होतं, मी वाचलं नव्हतं.

पदव्यांतही गोची आहे. सीनच्या राजाला सेरेरमध्ये 'माद आ सिनिग' म्हणतात, तर फ्रेंच कागदांत वोलोफ शब्द येतो, 'बूर सीन'. माणूस एकच, मी दोन ओळी केल्या होत्या. उलट कायोर आणि बाओल एकाच्या हाती आले की तो 'दामेल-तेन्य', तिथे पदव्या दोन. जूफ हे आडनावसुद्धा सेनेगालमध्ये आणि गांबियात वेगवेगळ्या स्पेलिंगने लिहितात, तेव्हा सर्च करताना दोन्ही टाका.

आणि 'लिंगेर'चं भाषांतर कृपया नुसतं 'राणी' करू नका. आपल्याला लगेच राजाची बायको आठवते. लिंगेर बहुधा राजाची आई किंवा बहीण असते, आणि वंश तिच्यामार्फतच चालतो. 1855 मध्ये फ्रेंचांनी वालो घेतलं, तेव्हा त्यांच्यासमोर उभी होती ती लिंगेर न्दाते याला म्बोज.

आता माझ्या शीटमध्ये पितृवंश, मातृवंश आणि आईचं नाव असे वेगळे रकाने आहेत. शेवटच्या रकान्यात बऱ्याच जागा अजून रिकाम्या आहेत. सध्या त्याच भरतेय.