घासाघीस नेमकी कशावर?
नवी कार घेताना बहुतेक जण एक्स-शोरूम किमतीवरच हुज्जत घालतात. पण ती कंपनी ठरवते, आणि तिथे डीलरचं मार्जिन तुटपुंजं असतं. रोड टॅक्स तर सरकारचाच. खरी जागा असते विमा, ॲक्सेसरीज आणि ‘हँडलिंग चार्जेस’मध्ये. मॅट, मडफ्लॅपचं ‘किट’ कोटेशनमध्ये न मागताच येऊन बसतं! 2018 पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, पण तो शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. ‘बाहेरच्या विम्यावर कॅशलेस मिळणार नाही,’ असं सांगतात. ते मात्र विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातल्या करारावर ठरतं. डिसेंबरातली सूट घसघशीत दिसते, पण विकताना गाडी वर्षानं जुनी धरली जाते. बुकिंगचे पैसे भरण्याआधी दोन डीलरांकडून ऑन-रोड किमतीचं तपशीलवार कोटेशन लेखी घ्या.